आमच्या गाडीवाटेवरच्या चराविषयी जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे जिल्ह्यात महसूल, वन, पर्यटन आणि ग्रामविकास यांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी

विषय: गाडीवाटेवर खणलेला चर बुजवण्याबाबत, तसेच ऑफरोड (पक्का रस्ता सोडून कच्च्या डोंगरवाटांवर हौसेने फिरणाऱ्या) वाहनांसाठी ग्रामसभेच्या देखरेखीखालील, हंगाम आणि शुल्क ठरवून दिलेले मार्ग अधिकृत करण्याबाबत

महोदय, महोदया,

गेल्या वैशाखात एके सकाळी आमच्या गावाहून वरच्या धनगरवाड्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर जेसीबीने आडवा चर खणला गेला. चर पाच फूट रुंद आणि छातीइतका खोल आहे. त्याच्या कडेला पत्र्याची पाटी ठोकली आहे आणि तिच्यावर ‘चारचाकी वाहनांस सक्त मनाई, आदेशावरून’ एवढेच लिहिले आहे. आदेश कोणाचा, कोणत्या तारखेचा, जावक क्रमांक काय, याचा पाटीवर पत्ता नाही. त्यानंतर मी आणि गावातली दोन माणसे चार कार्यालयांत जाऊन आलो. चारही ठिकाणी आम्हाला बसायला खुर्ची मिळाली, दोन ठिकाणी चहाही मिळाला, आणि चारही ठिकाणी ‘हे काम आमच्याकडचे नाही’ असे सांगण्यात आले. म्हणून या पत्रात मी कोणत्याही कार्यालयाचे नाव घेत नाही. ज्या कामाला धनी नाही त्याचा ठपका एकावरच ठेवणे न्यायाचे होणार नाही, तेव्हा हे पत्र सर्वांना मिळून आणि उघडपणे लिहीत आहे.

माझे सिंहगड रस्त्याला लहानसे गॅरेज आहे. बावीस वर्षे मी मुख्यतः फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या, गाड्यांचे काम करतो: जळालेल्या क्लच प्लेटा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्स्फर केस, ओढ्यात उतरून खराब झालेली बेअरिंगे. मूळ गाव राजगड तालुक्यात, म्हणजे परवापरवापर्यंत ज्याला आपण वेल्हे म्हणत होतो त्या तालुक्यात. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आमच्या अर्जांवरून माहीत आहेच. इथे लिहिले तर पुढच्याच शनिवारी पाराजवळ पन्नास गाड्या येऊन उभ्या राहतील आणि ज्याविषयी तक्रार करायची तेच माझ्या हातून घडेल.

हे आधीच एकदा माझ्या हातून घडलेले आहे. २०१९ च्या हिवाळ्यात माझ्या तीन गिऱ्हाइकांनी ‘नवा क्लच टाकलाय, कुठेतरी चढावर घालून बघू’ असा हट्ट धरला, आणि मी त्यांना आमच्या गाडीवाटेवर नेले. वाट ओढा ओलांडते, मुरमाचा चढ चढते, कातळाच्या दोन पायऱ्या पार करून वाड्याच्या अंगणात जाते. लो रेंजमध्ये (वेग कमी, ओढ जास्त), पहिल्या गियरवर, न घाई करता तासभर लागतो. त्यांना ती इतकी आवडली की एकाने फोनमध्ये तिची नोंद करून ठेवली. ती नोंद एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेली, आणि दोन वर्षांत ज्यांना मी ओळखतही नव्हतो अशा लोकांच्या गाड्या गावात येऊ लागल्या. त्यामुळे या प्रकरणात मी तक्रारदार आहे तसाच थोडाफार आरोपीही आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

या गाड्यांनी गावाला काय दिले ते सांगायचे तर गेल्या माघातल्या एका रविवारचा हिशेब माझ्या वहीत आहे. १४ गाड्या आणि ३७ माणसे आली होती. असा निरोप शनिवारी दुपारी आला की माझी चुलती आणि शेजारच्या दोघी जणी नाचणीचे आणि तांदळाचे पीठ काढून ठेवतात, कारण ३७ माणसे म्हणजे ऐंशीच्या वर भाकऱ्या, आणि त्या पहाटे चारला थापायला घेतल्या तरच दुपारच्या पंगतीला पुरतात. चुलती आकडे लिहीत बसत नाही. पाच भाकऱ्या उतरल्या की चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढते. त्या दिवशी सतरा रेघा होत्या. ताटाचे २०० रुपये धरून ७,४०० झाले. वाट दाखवायला गेलेल्या दोन पोरांना प्रत्येकी ७०० मिळाले. ओढ्यात रुतलेली एक गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली, त्याचे १,५०० आले. गावात आलेली एकूण रक्कम १०,३०० रुपये.

भात हे आमचे एकच पीक. कार्तिकात कापणी-झोडणी उरकली की मिरगापर्यंत खाचरे रिकामी आणि माणसेही रिकामी. पोरे नऱ्हे-धायरीच्या वर्कशॉपांत किंवा सोसायट्यांच्या गेटवर बारा तासांच्या ड्यूटीला जातात. गाड्यांचा हंगाम नेमका याच रिकाम्या महिन्यांत येतो. ज्या घरात सात महिने बाहेरून दमडी येत नाही तिथे एका रविवारचे असे पैसे काय असतात, हे जिल्ह्याचे आराखडे करणाऱ्यांना समजावून सांगावे लागू नये.

मात्र त्याच हिशेबाची दुसरी बाजूही मी वहीत मांडून ठेवली आहे. सहल ठरवणाऱ्यांनी प्रत्येक गाडीमागे ३,५०० रुपये घेतले होते, म्हणजे ४९,००० जमले. रुपयातले वीस-एकवीस पैसे गावाला मिळाले. त्यांनी लुबाडले असे मी म्हणत नाही. वायरलेस संच, रुतलेल्यांना ओढून काढायची वेगळी गाडी, प्रथमोपचाराची सोय, यांचा त्यांनाही खर्च असतो. परंतु वाट आमची आणि तिची झीजही आमची असताना त्या वाटेपोटी ग्रामपंचायतीच्या खात्यात एक रुपयाही पडला नाही. तसा रुपया घ्यायला पावतीपुस्तक लागते, पावतीपुस्तकाला नियम लागतो, आणि तो नियम तुमच्यापैकी कोणीतरी करायला हवा होता. नियमाऐवजी आमच्याकडे जेसीबी आला.

आता तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार अर्थातच चराची. आमच्या गाव नकाशावर ही वाट तुटक दुहेरी रेषेने दाखवलेली आहे, म्हणजे ती गाडीमार्ग आहे. एकेरी तुटक रेषेचा पायमार्ग नव्हे. एखाद्या शेतकऱ्याने भांडणात अशी वहिवाटीची वाट अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार तो अडथळा दूर करण्याचा आदेश देऊ शकतात, आणि तालुक्यात असे दावे नेहमी चालतात. शेतकऱ्याने केले तर जो गुन्ह्यासारखा मानला जातो तो अडथळा इथे निनावी आदेशावरून केला गेला. त्याचा फटका गाडीवाल्यांना जेवढा बसला नाही तेवढा वाड्याला बसला. वाड्यावरचे दूध पूर्वी जीपने खाली यायचे, आता चरापर्यंत डोक्यावरून येते. श्रावणात तिथल्या एका आजींना रात्री दम लागला, तेव्हा चार जणांनी बांबूला झोळी बांधून त्यांना चिखलातून खाली आणले. एरवीही पावसात जीप वाड्यापर्यंत पोचत नाही, हे मान्य. पण अर्ध्या वाटेवरच्या मुरमाच्या टेपापर्यंत ती जायची, आणि त्या रात्री तेवढे अंतर फार होते. आजी आज बऱ्या आहेत.

दुसरी तक्रार अशी की, चराने जे थांबायला हवे होते ते थांबलेच नाही. जे आधी निरोप देऊन येत, जेवणाचे पैसे देत, वाटाड्या घेत, ते पाटी वाचून माघारी गेले. जे कोणालाच न विचारता येत, ते चर चुकवून बाजूने येऊ लागले. आषाढात, लावणी होऊन आठवडा झाला नसेल तोच, एका पहाटे माझ्या चुलत्यांच्या खाचरातून गाडी गेलेली दिसली. बांध दोन ठिकाणी फुटला होता आणि पाणी वाहून गेले होते. मी त्या रविवारी गावातच होतो, म्हणून जाऊन पाहिले. चिखलात टायरची नक्षी ठशासारखी उमटली होती आणि मागच्या उजव्या चाकाने जागच्या जागी फिरून गुडघाभर खड्डा केला होता. पुढच्या चाकांनी माती उकरल्याची खूणच नव्हती. याचा अर्थ, ती गाडी बहुधा फोर बाय फोर नव्हतीच. मागच्या चाकांवर चालणारी, डिफ लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) नसलेली, नुसती उंच दिसणारी गाडी होती, आणि चालवणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. माझ्या धंद्यातल्या माणसाला हसू यावे असे ते दृश्य होते. चुलते शेजारी उभे होते म्हणून आले नाही. रोपे पुन्हा लावायला मुठी उरल्या नव्हत्या. बांध घालायला दोघांचे दोन दिवस गेले. नंबर कोणी पाहिला नाही, त्यामुळे तक्रार कोणाविरुद्ध द्यायची हा प्रश्न राहिला.

आमच्याकडे अधिकृत मार्ग, नोंदवही आणि नाक्यावर बसलेला एक माणूस असता, तर ही गाडी रात्री गावात शिरली तेव्हाच कोणाच्या तरी नजरेत आली असती. वाट बंद केल्याने ती बिननजरेची झाली.

तिसरी तक्रार प्रशासन पावसाळ्यात काढते त्या मनाईच्या आदेशांविषयी आहे, आणि इथे माझे म्हणणे नीट वाचावे ही विनंती. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या परिसरात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल गर्दीच्या भाराने कोसळून माणसे मेली. त्यानंतर कोणी म्हणेल की पावसाळी ठिकाणांवरचे प्रतिबंधात्मक आदेश नकोत, तर मी त्याच्याशी वाद घालीन. पावसात गाड्या बंदच हव्यात, आणि मी तर गॅरेजवाला असून म्हणतो की आदेशात असतात त्याहून जास्त दिवस बंद हव्यात. तक्रार आहे ती पावसाळ्यानंतरच्या शांततेविषयी. आदेशाची मुदत संपली की प्रशासनाच्या लेखी आमच्या वाटा जणू नाहीशाच होतात. चार महिने मनाई आणि आठ महिने मौन, याला नियोजन म्हणता येत नाही.

चौथी तक्रार लहान आहे. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे शेतावर पाहुणे ठेवणाऱ्याला निदान कोणता अर्ज करायचा हे कळते. पाहुणा ज्या वाटेने गाडी घेऊन येणार, त्या वाटेसाठी कोणता अर्ज करायचा, हे चार कार्यालयांत विचारूनही आम्हाला कळलेले नाही.

गाड्यांच्या बाजूने लिहितो आहे, म्हणून गाड्या नुकसान करतात हेही मलाच सांगितले पाहिजे. चाकाखाली दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. चढावर चाकोरी पडली की पावसाचे पाणी पसरायचे सोडून त्या चाकोरीतून धावते आणि दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. आमच्या मुरमाच्या चढावर अशी एक घळ सुरू झालेली आहे आणि ती २०१९ पूर्वी नव्हती. यावरचा उपाय आमच्या वडिलांना बैलगाडीच्या काळात माहीत होता: वाटेवर ठरावीक अंतराने तिरकी दगडी ताल घालायची, म्हणजे पाणी वेग घेण्याआधी बाजूच्या रानात उतरते. दर वर्षी मिरगाच्या तोंडावर गावकी ते काम करायची. बैलगाड्या गेल्या, काम थांबले.

सड्याची, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळपठाराची, गोष्ट आणखी नाजूक आहे. कातळावर बोटभर माती असते, तिच्यात भाद्रपदात फुले येतात, आणि ओल्या सड्यावर एकदा चाक गरगर फिरले की ती बोटभर माती पुन्हा साठायला किती वर्षे लागतील ते सांगता येत नाही. सड्यावर गाडी नकोच, कोणत्याही महिन्यात नको. फाल्गुन-चैत्रात भीती वणव्याची. नव्या गाड्यांच्या पोटाखाली धूर शुद्ध करणारे जे यंत्र असते ते चढावर काम करून इतके तापते की गाडी वाळल्या गवतावर उभी केली तर गवत पेटू शकते. हे मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि दहांतले आठ जण पहिल्यांदाच ऐकतात. जिल्ह्याच्या पूर्वेला, इंदापूर-बारामतीच्या माळरानांवर, अडचण वेगळी: तिथे चंडोल, टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, लांडगे-चिंकारा फिरतात, आणि वरवर ओसाड दिसणारे ते रान मुळीच ओसाड नसते. तिथे वन खात्यानेच ठरलेल्या वाटांवरून, स्थानिक वाटाड्यांना घेऊन गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. म्हणजे वाट आखून, माणूस सोबत देऊन, गावाला वाटा देऊन वाहन पर्यटन करता येते, हे जिल्ह्याला ठाऊक नाही असे नाही.

दुसरीकडे हे कसे झाले, तेही थोडक्यात सांगतो, कारण चौकशी करताना ‘असे कुठे असते का?’ हा प्रश्न मला दोनदा विचारला गेला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा दक्षिण भाग कोळशाच्या खाणींचा आहे. खाणींतले काम आटत गेले तशी तिथली गावेही आटत गेली. १९९६ मध्ये त्या राज्याच्या कायदेमंडळाने खास कायदा करून एक प्राधिकरण नेमले आणि २००० मध्ये हॅटफील्ड-मॅकॉय नावाचे मार्ग खुले झाले. (एकोणिसाव्या शतकात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन घराण्यांची ही आडनावे आहेत. भावकीचे भांडण पर्यटनाच्या पाटीवर लावायचे तर आमच्या तालुक्यातही नावांची वाण पडणार नाही.) तिथली जमीन बहुतेक कोळसा आणि लाकडाच्या कंपन्यांची, तिच्या मालकांशी करार करून मार्ग जोडले गेले. आज ते जाळे १,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरच्या वर आहे. प्रत्येक चालकाला परवाना घ्यावाच लागतो, तो स्थानिकाला स्वस्त आणि राज्याबाहेरच्याला महाग असतो, हेल्मेट सक्तीचे असते, आणि वाटेतल्या कित्येक गावांनी मार्गावरून थेट खानावळीच्या आणि मुक्कामाच्या दारापर्यंत वाहन आणायची मुभा दिली आहे. तिथली वाहने आपल्या जीपपेक्षा लहान आहेत आणि तिथे जमीनही उदंड आहे, हे मला कळते. उचलायचा आहे तो परवान्याचा आणि कराराचा भाग.

कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाउन या डोंगरी गावाने १९५३ मध्ये, गावात चार पैसे यावेत म्हणून, रूबिकॉन नावाच्या खडकाळ वाटेवर जीपवाल्यांची जत्रा भरवली. ती वाट पुढे जगभर गाजली, आणि २००९ मध्ये पाण्याची गुणवत्ता सांभाळणाऱ्या तिथल्या मंडळाला, वाटेवरून वाहून जाणारी माती आणि लोकांनी उघड्यावर केलेली घाण यांबद्दल आदेश काढावा लागला. युटामधले मोॲब हे युरेनियम शोधणाऱ्यांच्या कच्च्या रस्त्यांवर पोसलेले गाव; तिथे १९६७ पासून ईस्टरला जीपची सफर भरते, आणि २०२१ मध्ये तिथल्याच रहिवाशांनी आवाजाला कंटाळून नियम करायला लावले. या दोन्ही ठिकाणी शौचालय आणि आवाज यांचा विचार फार उशिरा झाला. आपल्याला तो पहिल्या दिवशी करता येईल, कारण आपण मागून येत आहोत.

इतक्या लांब जायचे नसेल तर कासचे पठार शेजारच्या जिल्ह्यात आहे. तिथे फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी होते, दिवसाची माणसे मोजून सोडली जातात, आणि नाक्यापासून वाटाड्यापर्यंतचे काम आजूबाजूच्या गावांच्या समित्यांतले लोक करतात. कास बंद करावे लागले नाही आणि मोकाटही सोडावे लागले नाही.

जाता जाता आणखी एक. या गाड्या कुठून परग्रहावरून येत नाहीत. चाकणला आणि रांजणगावला त्या आपल्याच जिल्ह्यात तयार होतात, त्यांचे कारखाने आपण अभिमानाने दाखवतो, जाहिरातीत त्या ओढ्यातून पाणी उडवत जाताना दिसतात. चार चाकांना ताकद देणारी गाडी पंधरा-वीस लाखांना घेतलेला माणूस ती फक्त कात्रज बोगद्यातून चालवील अशी अपेक्षा धरून कोणी नियोजन केले असेल, तर ते नियोजन चुकले आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

चर खणण्याचा लेखी आदेश असेल तर तो तीस दिवसांत ग्रामपंचायतीला द्यावा, म्हणजे आम्ही त्यावर रीतसर अपील करू. आदेश नसेल तर त्याच मुदतीत चर बुजवावा. मुरूम गाव देईल.

राजगड, मुळशी, मावळ, भोर आणि जुन्नर या तालुक्यांत प्रत्येकी एक मार्ग दोन वर्षांसाठी प्रायोगिक म्हणून अधिकृत करावा. तो गाव नकाशावर गाडीमार्ग म्हणून असलेल्या वाटेवरूनच जावा, किंवा जो मालक लेखी संमती देईल त्याच्या शेतातून. वनजमीन, गायरान, सडा, पाणवठा आणि भीमाशंकर, ताम्हिणी यांसारखी अभयारण्ये पूर्णपणे वगळावीत. किल्ल्यांचे तर बोलायलाच नको. जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आता पायथ्याशी वर्दळ वाढणार. किल्ल्याच्या चढाला एकही चाक लागता कामा नये. ग्रामसभेचा ठराव नसेल तिथे मार्ग नको, आणि ग्रामसभेने ठराव मागे घेतला तर मार्ग बंद व्हावा. याच ग्रामसभेला आज ‘तुमच्याकडे अधिकारच नाही’ असे सांगितले जाते, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

मार्ग भातकापणी संपल्यापासून मेअखेरपर्यंत, सूर्योदय ते सूर्यास्त, एवढाच खुला राहावा आणि अवकाळी पाऊस झाला तर माती वाळेपर्यंत बंद राहावा. दिवसाला वीस गाड्या आणि वेग ताशी वीस किलोमीटर, याहून जास्त काहीही नको. शर्यत, वेळेची स्पर्धा, बक्षिसे यांना थारा देऊ नये. शर्यतीसाठी किंवा वेगचाचणीसाठी गाडी वापरली तर विम्याचे संरक्षण नसते, हे पॉलिसीच्या कागदावर छापलेलेच असते, आणि अपघातानंतर ते पहिल्यांदा वाचणारे लोक मी पाहिले आहेत. मार्गाच्या दोन्ही टोकांना शौचालय असावे. वणव्याच्या महिन्यांत प्रत्येक गाडीत अग्निशामक नळकांडे आणि फावडे असल्याशिवाय ती आत सोडू नये.

शुल्क गाडीमागे घ्यावे, तालुक्यातल्या गाडीला कमी आणि बाहेरच्या गाडीला जास्त. ते थेट ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात यावे, त्यातला निम्मा भाग वाटेच्या तालींवर आणि फुटलेल्या बांधांच्या भरपाईवर खर्च व्हावा, आणि जमाखर्च दर महिन्याला चावडीच्या फळ्यावर लागावा. हे पैसे जिल्ह्याला जाऊन परत येण्याची पद्धत कृपया करू नये. परत येताना ते वाट चुकतात.

चिखलाची हौस असणाऱ्यांसाठी वेगळी जागा द्यावी. जिल्ह्यात दगडाच्या आणि मुरमाच्या कितीतरी खाणी वापरून सोडून दिलेल्या आहेत. तिथे ना माती उरली आहे ना गवत, त्यामुळे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेलेले आहे. अशी एखादी खाण कुंपण घालून, पाणी बाहेर जाणार नाही अशी बांधून दिली तर ज्याला पावसात गाडी बुडवायची आहे त्याने तिथे खुशाल बुडवावी. माझ्या गॅरेजलाही काम मिळेल, हा माझा स्वार्थ आहे आणि तो लपवत नाही.

गावातल्या तरुणांच्या जीपना पर्यटकांना घेऊन या मार्गावर फिरवण्याचा परवाना मिळणे सोपे करावे. आज पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवली तर मोटार वाहन कायद्याने ते बेकायदा आहे, आणि पिवळ्या पाटीचा परवाना काढायला पोराचे इतके दिवस मोडतात की तो पुन्हा वर्कशॉपची वाट धरतो. प्रत्येक पाहुण्याने स्वतःची गाडी आणली पाहिजे असे नाही. एका स्थानिक जीपमध्ये सहा जण बसले तर वाटेवरच्या गाड्या कमी होतात.

शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. या विषयासाठी जिल्ह्यात एक अधिकारी नेमावा, ज्याच्या दारावर हे काम आपले आहे असे लिहिलेले असेल.

पुण्यातल्या ऑफरोड मंडळींनाही दोन शब्द. तुमच्यातले पुष्कळ जण वाट कमी उकरावी म्हणून टायरची हवा अठरा पीएसआयवर आणून, कचरा परत गाडीत भरून, बायाबापड्यांना नमस्कार करून जाणारे आहात, हे मी पाहिलेले आहे. पण वाटेची नोंद जगजाहीर करू नका, आणि शुल्काची पावती मागत जा. ती मागणारे वाढले तर ती छापणाऱ्यांवरही दडपण येईल.

आमच्या बाजूने गावाने काय करायचे ठरवले आहे तेही लिहितो. मुरमाच्या चढावर सात ठिकाणी दगडी ताल घालण्याचे काम दिवाळीनंतर श्रमदानाने होईल, चर बुजो वा न बुजो. नाक्यावर नोंदवही ठेवायला तीन मुली तयार आहेत; त्यांतली एक बारावी पास आहे आणि संगणक चालवते. वाड्यावरच्या लोकांची अट अशी आहे की त्यांच्या अंगणात गाड्या वळवायच्या नाहीत आणि शेरडांच्या वेळेला हॉर्न वाजवायचा नाही. ती ठरावात घेतली आहे.

ही सगळी कागदपत्रे, गाव नकाशाची नक्कल, ठराव आणि माझ्या वहीची पाने, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवली जाणार आहेत. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या दिवशी यावे आणि चर पाहावा. किती जण येणार ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावे, कारण पीठ काढून ठेवावे लागते.

आपला,
सिंहगड रस्त्यावरचा एक गॅरेजवाला,
राजगड तालुक्यातला खातेदार शेतकरी